गाडीचं कूलंट गळतंय? एल्बो, पाइप आणि क्लिपा घरच्या घरी बदलताना

बॉनेट उघडल्यावर, रबरी पाइप जिथे प्लास्टिकच्या एल्बोवर, म्हणजे कोपरासारख्या वाकलेल्या जोडनळीवर, चढवलेला असतो तिथे हिरवट-पांढरी खपली दिसली, तर धूळ समजून पुसून टाकू नका. बाहेर झिरपलेलं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, गरम इंजिनावर वाळलं की मागे हीच खूण उरते. माझ्या 14 वर्षं जुन्या पेट्रोल हॅचबॅकवर अशी खपली वर्षभर होती. मी दर महिन्याला कूलंटच्या बाटलीत थोडं पाणी टाकायचो आणि पुढे जायचो. मग एप्रिलमध्ये, भर दुपारी, कसारा घाटात ट्रकच्या मागे पहिल्या गिअरमध्ये चढताना तो एल्बो मधोमध तडकला. तापमानाचा काटा वर सरकताना दिसला आणि लगेच गाडी बाजूला घेऊन बंद केली, म्हणून इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, वाचलं. तुटलेला तुकडा हातात घेतला तर ओल्या बिस्किटासारखा कुस्करत होता.

काही शे रुपयांचा भाग होता. वेळेवर बदलला असता तर रविवारची एक सकाळ गेली असती. त्यानंतर माझ्या गाडीचं, मग धाकट्या भावाच्या आणि मामांच्या गाडीचं हे काम मी सोसायटीच्या पार्किंगमध्येच केलं. ज्यांनी आजवर फक्त टायर बदलला आहे किंवा बॅटरीत पाणी घातलं आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

हे भाग का सडतात

इंजिनातलं पाणी वॉटर पंप फिरवतो. इंजिन गार असेपर्यंत थर्मोस्टॅट रेडिएटरची वाट बंद ठेवतो, आणि ठरलेल्या तापमानाला, बऱ्याच छोट्या गाड्यांत 82 किंवा 88 अंशांना, ती उघडायला लागतो. रेडिएटरच्या झाकणावर 0.9 किंवा 1.1 असा आकडा कोरलेला दिसेल. आतला दाब तेवढ्या बारपर्यंत झाकण धरून ठेवतं. कुकरच्या शिट्टीचं तत्त्व इथेही आहे: 0.9 बार जादा दाबाखाली साधं पाणीसुद्धा 118 अंशांच्या आसपास उकळतं, आणि निम्मं कूलंट असेल तर सव्वाशेच्या पुढे. दाब टिकला नाही तर हा सगळा फायदा गेला. महाबळेश्वरच्या उंचीवर उघड्या भांड्यातलं पाणी 95 अंशांच्या थोडं पुढेच उकळतं. म्हणून गळकी गाडी गावात कुरकुर न करता फिरते आणि घाटमाथ्यावर उकळते.

या उष्णतेत आणि दाबात एल्बो वर्षानुवर्षं बसलेला असतो. तो बहुतेकदा काचेचे तंतू मिसळलेल्या नायलॉनचा असतो. गरम कूलंट त्याला आतून हळूहळू कमकुवत करतं, बाहेरून इंजिनाची धग लागते, आणि दहा-बारा वर्षांत तो ठिसूळ होतो. रबरी पाइप टोकाला फुगतो किंवा कडक होतो. रबराची ओ-रिंग चपटी होऊन बसते. आपल्याकडे यात भर पडते ती बोअरच्या पाण्याची. त्या जड पाण्याचे क्षार आत साचतात आणि अ‍ॅल्युमिनियमचे भाग पाइपाखालून खड्डे पडत खातात. मामांच्या गाडीत नुसतं बोअरचं पाणी होतं. थर्मोस्टॅटचं झाकण काढलं तर त्याच्या नळीची कड करवतीच्या दात्यांसारखी झाली होती.

तुमच्या गाडीला सीएनजी किट असेल तर आणखी एक जागा बघा. सिलिंडरमधला गॅस 200 बारच्या आसपासच्या दाबावरून खाली येताना प्रचंड गार होतो, म्हणून दाब कमी करणाऱ्या भागाला, म्हणजे रिड्यूसरला, गरम कूलंट पुरवावं लागतं. बाहेरून किट बसवताना त्यासाठी हीटरच्या पाइपात दोन ‘टी’, म्हणजे तीन तोंडांचे जोड, घातलेले असतात. म्हणजे कंपनीने न दिलेले कितीतरी जादा जोड. गाडी पेट्रोलवर नीट चालते आणि सीएनजीवर थोड्या वेळाने अडखळते, रिड्यूसरवर दव किंवा बर्फ दिसतो, अशी तक्रार असेल तर आधी कूलंटची पातळी आणि हे टी तपासा. टी आपण बदलू शकतो. गॅसच्या नळीला मात्र हात लावायचा नाही.

आधी खात्री: गळती नेमकी कुठे

रात्री गाडीखाली जुन्या खोक्याचा सपाट पुठ्ठा टाका आणि सकाळी डाग कुठे पडला ते बघा. मग टॉर्च घेऊन तिथून वर वर शोधत जा, कारण पाणी एका जागी गळतं आणि ओघळून दुसरीकडे टपकतं. गोडसर वास, खपली, पाइपाच्या टोकाशी ओलावा, या तीन खुणा पुरतात. गार इंजिनावर पाइप बोटांनी दाबून बघा: चांगला पाइप दबून परत येतो, गेलेला कुरकुरतो किंवा लोण्यासारखा मऊ लागतो.

काही गळत्या या लेखाच्या बाहेरच्या आहेत. वॉटर पंपाच्या अंगावरच्या बारीक भोकातून थेंब येत असेल तर पंपाचं सील गेलं आहे. पुढच्या सीटच्या पायाशी कार्पेट चिकट ओलं असेल आणि काचेवर तेलकट धुकं धरत असेल तर हीटरचा आतला कोअर फुटला आहे. ऑइलची डिपस्टिक काढल्यावर दुधाळ चहासारखं ऑइल दिसलं, किंवा बाहेर कुठे थेंब नसताना पाणी कमी होतंय आणि इंजिन गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहतोय, तर हेड गॅस्केटची, म्हणजे इंजिन आणि हेड यांच्यामधल्या पातळ सीलची, शंका घ्या. तिथे एल्बो बदलून काही होणार नाही, गाडी चालवू नका आणि मेकॅनिकला बोलवा.

रस्त्यात रेडिएटरमध्ये हळद टाकण्याचा उपाय ट्रकवाल्यांकडून तुम्ही ऐकला असेल. बारीक छिद्र त्याने काही वेळ बुजतं. पण तोच गाळ हीटरच्या बारीक नळ्यांतही बसतो, आणि तडकलेल्या एल्बोला त्याचा काही उपयोग नाही. बाहेरून लावलेलं एम-सीलही घरी पोहोचेपर्यंतचं समजा. दाब आणि तापमान वरखाली व्हायला लागलं की ते सुटतं.

सामान

दुकानात जाताना आरसी बुकातला चॅसिस नंबर घेऊन जा, नुसतं मॉडेलचं नाव सांगू नका. एकाच मॉडेलमध्ये वर्षागणिक एल्बो बदललेले असतात. तुटलेला भाग काढलेला असेल तर तो सोबत न्या आणि काउंटरवरच शेजारी ठेवून तोंडाचा व्यास, बोल्टची भोकं आणि ओ-रिंगची खाच जुळवा. स्वस्तातल्या नकली एल्बोवर साच्याची शिवण नखाला लागते. ती शिवण ओ-रिंगच्या खाचेतून किंवा पाइप बसतो त्या तोंडावरून जात असेल तर तो भाग घेऊ नका. काही गाड्यांसाठी अ‍ॅल्युमिनियमचा एल्बोही मिळतो. चांगल्या घडणीचा असेल तर मी तोच घेतो.

आता माझं ठाम मत: जो भाग गळतोय तेवढाच बदलू नका. त्याचे शेजारी, म्हणजे त्या एल्बोवर चढणारे पाइप, त्यांच्या क्लिपा, ओ-रिंग किंवा गॅस्केट आणि रेडिएटरचं झाकण, सगळे त्याच वयाचे आहेत. एक नवा, घट्ट भाग बसला की दाब परत पूर्ण भरतो आणि मग पुढचा दुबळा जोड फुटतो. भावाच्या गाडीत मी पाइप जुनाच ठेवला आणि तीन आठवड्यांनी तेच सगळं परत उघडावं लागलं.

क्लिपा दोन प्रकारच्या असतात. स्क्रूची क्लिप स्वस्त आणि सोपी, पण रबर दबलं की ती सैल पडते आणि जास्त आवळली तर पाइप कापते, प्लास्टिकचं तोंड चिरडते. स्प्रिंगची क्लिप रबराबरोबर आकसते आणि फुगते, ताण कायम ठेवते. गाडीला मूळची स्प्रिंगची असेल तर तीच नव्याने घ्या.

कूलंट रंगावरून निवडू नका. हिरवा, गुलाबी, निळा हे रंग कंपनीगणिक बदलतात. गाडीच्या पुस्तकात कुठल्या प्रकारचं सांगितलं आहे ते बघा. डब्यावर ‘रेडी मिक्स’ असेल तर तसंच ओतायचं. कॉन्सन्ट्रेट असेल तर डब्यावरच्या प्रमाणात, सहसा निम्मं निम्मं, डिस्टिल्ड वॉटर घालायचं. हे पाणी बॅटरीच्या दुकानात सहज मिळतं. छोट्या पेट्रोल गाडीला साधारण साडेतीन ते पाच लिटर लागतं, नेमका आकडा पुस्तकात असतो.

हत्यारं फार नाहीत: 10 आणि 12 नंबरचे पाने व सॉकेट, एक्स्टेन्शन, पक्कड, स्क्रूड्रायव्हर, पेपर कटर, पसरट टब, चिंध्या, जुनं एटीएम कार्ड, भांडी घासायची हिरवी नायलॉनची घासणी आणि गंजलेल्या बोल्टवर मारायचा स्प्रे.

सुरू करण्याआधी

काम सकाळी करा, रात्रभर उभ्या गाडीवर. गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडलं की दाब एका क्षणात सुटतो आणि उकळतं पाणी चेहऱ्यावर, हातांवर येतं. रेडिएटरचा वरचा पाइप हाताला पूर्ण गार लागला आणि दाबल्यावर मऊ असला तरच झाकणाला हात लावायचा. काही गाड्यांत चावी काढल्यावरही पंखा अचानक फिरतो, म्हणून बॅटरीचं निगेटिव्ह काढून ठेवा.

कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे आणि चवीला गोड. पार्किंगमधली कुत्री-मांजरं ते चाटतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरतात. लहान मुलांनाही तोच धोका. टब उघडा ठेवून चहाला जाऊ नका, सांडलेलं लगेच भरपूर पाण्याने धुवा, आणि कूलंट पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीच भरू नका. जुनं कूलंट गटारात ओतू नका. नाव लिहिलेल्या बंद कॅनमध्ये भरा आणि जे गॅरेज वापरलेलं ऑइल, कूलंट गोळा करून देतं तिथे विचारून पोहोचवा. कुणाच्या पोटात गेलंच तर लक्षणांची वाट न पाहता थेट हॉस्पिटल गाठा.

काढणं

प्रत्येक गोष्ट सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा: पाइपाचा वळसा, क्लिपेचं तोंड कुठल्या बाजूला, वायरचं सॉकेट. परत बसवताना तुमची आठवण नाही, हे फोटोच कामी येतात.

रेडिएटरच्या खालच्या कोपऱ्यात प्लास्टिकचा नळ असतो. टब खाली ठेवा, झाकण उघडा आणि तो नळ हळू फिरवा. तो कडक झालेला असेल तर हट्ट करू नका. तो तुटला तर रेडिएटरचंच काम निघतं. त्याऐवजी खालचा पाइप सोडवून पाणी काढा. तेव्हा पाणी एकदम येतं, बाह्या वर करून बसा. जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरायची वेळ आली तर स्टँड लावल्याशिवाय शिरायचं नाही.

आता पाइप. नवखा माणूस सगळ्यात जास्त नुकसान इथे करतो. क्लिप सैल करून मागे सरकवली की पाइप ओढायचा नाही. तो आधी गोल फिरवायचा, एकदा इकडे, एकदा तिकडे, जोवर रबर तोंडापासून सुटल्याचं हाताला कळत नाही तोवर. वर्षानुवर्षांचा पाइप चिकटून बसलेला असतो. आपण ओढतो, पाइप तसाच राहतो आणि रेडिएटरच्या प्लास्टिकच्या टाकीचं तोंड तुटून हातात येतं. फिरत नसेल तर पाइप कापा. कसाही नवा टाकायचाच आहे. कटरने लांबीच्या दिशेने, खोल न जाता चीर द्या आणि केळ्याच्या सालीसारखा उलगडून काढा. पातं आत तोंडावर घासलं तर तिथे चर पडतो आणि नवा पाइपही त्या चरातून गळतो, म्हणून शेवटचा पातळ थर हातानेच फाडा.

एल्बो धरून ठेवणारे बोल्ट पोलादाचे आणि इंजिन अ‍ॅल्युमिनियमचं. दोघं एकमेकांना गंजून चिकटतात. आदल्या रात्री स्प्रे मारून ठेवा. सकाळी बोल्ट आधी केसभर आवळा, मग सैल करा, परत किंचित आवळा, परत सैल करा. कुरकुर आवाज येत सुटला तर उत्तम. पाना लवचिक लागायला लागला, म्हणजे बोल्ट फिरत नाही पण पिळतोय असं वाटलं, तर तिथेच थांबा. तुटलेला बोल्ट काढणं हे लेथवाल्याचं काम आहे.

एल्बो कधी कधी तुटतो आणि त्याचं नळकांडं इंजिनाच्या भोकात अडकून राहतं. माझ्या गाडीत तसंच झालं होतं. भोकात आत खोलवर चिंधीचा बोळा घाला, त्याचं एक टोक बाहेर लांब ठेवा, म्हणजे तुकडे आत पडणार नाहीत. मग हॅक्सॉच्या सुट्या पात्याने त्या नळकांड्याला आतून एक चीर द्या, भोकाच्या भिंतीला न लागता, आणि स्क्रूड्रायव्हरने चिरेपाशी आतल्या बाजूला वाकवा. ठिसूळ प्लास्टिक कोसळून येतं. मला यात पाऊण तास लागला, आणि तेवढा लागू द्यावा. शेवटी बोळा काढण्याआधी व्हॅक्यूम क्लीनरने चुरा ओढून घ्या.

साफसफाई आणि थर्मोस्टॅट

नवा भाग जिथे टेकणार ती जागा बोटाने चाचपून बघा. जुनं गॅस्केट एटीएम कार्डाने खरवडा, उरलेलं हिरव्या घासणीने. लोखंडी पातं किंवा वायर ब्रश अ‍ॅल्युमिनियमवर ओरखडे पाडतो आणि प्रत्येक ओरखडा पाण्याला वाट देतो. ओ-रिंग टेकते त्या पट्ट्यातून आरपार खड्डा गेलेला असेल तर नवी रिंग तिथे फार दिवस टिकणार नाही. मामांच्या गाडीत अशाच कारणाने थर्मोस्टॅटचं आख्खं झाकण बदललं.

झाकण उघडलंच आहे तर थर्मोस्टॅट तपासून घ्या. जुन्या, स्वयंपाकात न लागणाऱ्या पातेल्यात तो दोऱ्याने लटकवा, बुडाला टेकू देऊ नका, आणि थर्मामीटर लावून पाणी तापवा. त्याच्यावर कोरलेल्या अंशांच्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे आणि गार झाल्यावर पूर्ण मिटला पाहिजे. ‘आपल्याकडे उकाडा आहे, थर्मोस्टॅट काढूनच टाका’ असा सल्ला गॅरेजमध्ये सर्रास मिळतो. तो ऐकू नका. थर्मोस्टॅट नसलं की इंजिन वेळेवर तापत नाही, पेट्रोल जास्त जातं आणि झीज वाढते. गाडी गरम होण्याचं खरं कारणही तसंच लपून राहतं. परत बसवताना त्याच्या कडेचं हवा सुटण्याचं छोटं भोक वरच्या बाजूला ठेवा.

बसवणं

ओ-रिंगला इंजिन ऑइल किंवा ग्रीस चोपडू नका. ही रबरं बहुधा ईपीडीएम नावाच्या प्रकारची असतात आणि पेट्रोलियमच्या तेलाने फुगून खराब होतात. बोट कूलंटमध्ये बुडवून तेवढाच ओलावा द्या, किंवा सिलिकॉन ग्रीस वापरा. ओ-रिंग असेल तिथे वरून सीलंट लावायचंच नाही. कागदी गॅस्केट असेल आणि पुस्तकात सांगितलं असेल तर सीलंटचा अगदी पातळ हात पुरतो. जाड लावलेलं सिलिकॉन दाबलं की आतल्या बाजूला लोंबतं, तुटतं आणि रेडिएटरच्या नळ्यांत जाऊन अडकतं.

बोल्ट आधी बोटांनीच शेवटपर्यंत फिरवा, आटे तिरके बसले तर बोटांना लगेच कळतं. मग आळीपाळीने थोडे थोडे आवळा. 10 नंबरच्या पान्याचा 6 मिलीमीटरचा बोल्ट साधारण 10 न्यूटन मीटरचा असतो. टॉर्क पाना नसेल तर साधा पाना डोक्याजवळ आखूड धरा आणि फक्त मनगटाचा जोर द्या. प्लास्टिकचा एल्बो जास्त आवळला तर आजच त्याला न दिसणारी भेग जाते.

क्लिप पाइपावर आधीच चढवून ठेवा. पाइप पार आत सरकवा आणि क्लिप तोंडाच्या उंचवट्याच्या मागे आणा, पाइपाच्या टोकापासून चार-पाच मिलीमीटर सोडून. क्लिप उंचवट्यावरच बसली तर गळती ठरलेली. क्लिपेचं डोकं पुढे पाना पोहोचेल अशा बाजूला ठेवा आणि पाइप कुठे पट्ट्याला किंवा पंख्याला घासत नाही ना ते फोटोशी ताडून बघा.

भरणं आणि हवा काढणं

निम्म्या नवशिक्यांची गाडी दुरुस्तीनंतर गरम होते ती आत अडकलेल्या हवेमुळे. पुढची बाजू थोडी उंच होईल अशी गाडी उतारावर लावा, चाकांना अडसर द्या, हीटरची खुंटी पूर्ण गरमकडे फिरवा. खालचा नळ किंवा पाइप बंद केल्याची खात्री करा आणि कूलंट अगदी बारीक धारेने ओता. मधे मधे वरचा पाइप हाताने दाबा, बुडबुडे येतील. काही गाड्यांना हवा सोडायचा स्क्रू असतो, त्यातून अखंड धार आली की बंद करा.

बॅटरी जोडा. पुस्तकात वेगळी पद्धत दिली नसेल तर झाकण उघडं ठेवून इंजिन सुरू करा, पण आपला चेहरा त्याच्यावर आणू नका. पातळी खाली गेली की थोडं थोडं घाला. बुडबुडे थांबले की झाकण लावा आणि पंखा दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत गाडी उभी चालू ठेवा. या वेळात हीटरमधून गरम हवा यायला हवी. काटा वर चढतोय आणि हीटर मात्र गार हवा फेकतोय, तर आत हवा आहे. लगेच बंद करा, पूर्ण गार होऊ द्या आणि परत भरा. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतण्याचा मोह आवरा, त्याने हेडला तडा जाऊ शकतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिनावर झाकण उघडून पातळी बघा, थोडी उतरलेली असतेच. बाटली खालच्या आणि वरच्या रेषेच्या मधे ठेवा. स्क्रूच्या क्लिपा पहिल्या गरम-गारनंतर किंचित सैल पडतात, त्यांना अर्धा-पाव फेरा द्या. मग पांढरा टिश्यू पेपर प्रत्येक जोडाभोवती फिरवा. आठवडाभर रोज सकाळी हेच करा, आणि घाटाचा बेत टिश्यू सलग कोरडा निघाल्यावरच आखा.